गाण्यातली उचकी

तिला सगळे उचकी म्हणत. कागदोपत्री तिचं चांगलं चार अक्षरी, भारदस्त नाव होतं, पण ते बँकेत आणि दवाखान्यात सोडलं तर कुठं फारसं कामाला आलं नाही. वयाच्या नवव्या वर्षी तिनं एका सिनेमात गाणं म्हटलं होतं. त्या गाण्यात दुसऱ्या कडव्याला तिला उचकी लागली, ती तशीच राहून गेली, आणि पुढची चाळीस वर्षं ती उचकी तिच्या नावाच्या जागी बसली.

गाणं अगदी साधं होतं. खाली खेळणाऱ्या एका पोरीचा चेंडू वरच्या मजल्यावर जातो आणि ती तो परत मागते, एवढाच त्याचा जीव. 'वरच्या घरी कोण हो कोण, चेंडू एक आला, द्या ना दोन.' पण दुसऱ्या कडव्यात 'कोण हो' म्हटल्यावर गाणारीला बारीकशी उचकी लागते आणि ती घाईघाईनं पुढचं 'कोण' म्हणून टाकते. लोकांनी ती उचकी डोक्यावर घेतली. शाळांच्या संमेलनांत मुलं गाण्याबरोबर उचकीही पाठ करून येत, आणि ती वेळेवर लागली नाही की घरी गेल्यावर आयांची बोलणी खात. सिनेमा लोक केव्हाच विसरले. गाणं काही विसरले नाहीत.

चाल तिच्या भावाची, दादाची. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि ते त्याचं पहिलं काम. वडील कधीच गेले होते, आई हॉस्पिटलात होती, आणि गाण्यासाठी ठरवलेल्या मुलीचा घसा ऐन वेळी बसला, म्हणून त्यानं आपल्या धाकट्या बहिणीला माइकसमोर उभं केलं. त्याच दिवशी आई गेली.

या दिवसाची एक गोष्ट घरात होती, आणि ती उचकीनं दादाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती की त्यातला स्वल्पविरामही तिला पाठ होता. गाणं मनासारखं झाल्यावर दादानं स्टुडिओतून हॉस्पिटलला फोन लावला. नर्सनं रिसीव्हर आईच्या कानाशी धरला. इकडे दादानं रिसीव्हर स्पीकरजवळ नेला आणि आईला अख्खं गाणं ऐकवलं. उचकीपाशी आई हसली. म्हणाली, "पुन्हा एकदा लाव." मग दोन-तीन तासांनी ती शांतपणे गेली. लहान मुलांना हॉस्पिटलात सोडत नसत, त्यामुळं उचकीला आईची शेवटची भेट मिळाली नाही, पण तिचं गाणं आईला मिळालं. एवढ्या एका गोष्टीच्या जिवावर उचकीनं आपलं आयुष्य रेटलं असं म्हटलं तरी चालेल. लग्न केलं नाही, त्याचं दुःख केलं नाही. पुन्हा कधी गायली नाही, त्याचंही नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "माझं गाणं ज्यांना ऐकवायचं होतं त्यांना ऐकवून झालं."

आईच्या जागी दादाच होता. शाळेत नाव त्यानं घातलं, तापात उशाशी तो बसला, आणि गाण्याचं वेड लागायच्या आत पोटापाण्याचं काहीतरी शिक म्हणून चष्म्याचं काम शिकायला त्यानंच पाठवलं. वहिनी घरात आली तेव्हा त्यानं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ही माझी बहीण नाही, मुलगी आहे. दर रविवारी दुपारचं जेवण उचकी त्यांच्याकडेच घेई. दादाबद्दल कुणी वाकडा शब्द बोललं तर ही बाई भांडायला उठे, मग समोर गिऱ्हाईक असो की इन्स्पेक्टर.

आता तिचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं. पुढं आरसे आणि फ्रेमा, पडद्यामागं नंबर काढायची खुर्ची, आणि अगदी आत काचा घासायचं मशीन. मशीनवर एक म्हातारा कारागीर बसे. त्याला ती काचकाका म्हणे. काचकाकाला जगात दोनच गोष्टी पटत नसत, प्लॅस्टिकच्या काचा आणि स्वस्तात मिळणारं काहीही.

लहान मुलांना चष्मा बसवणं हे मोठं कटकटीचं काम असतं. काडी कानामागं किती वाकवायची ते पाहायला मूल क्षणभर स्थिर बसावं लागतं, आणि स्थिर बसणं हे मुलांच्या रक्तातच नसतं. उचकीचा त्यावर हमखास उपाय होता. ती काडी हातात घ्यायची आणि हळूच म्हणायची, 'वरच्या घरी कोण हो...' पोरं कान टवकारून उचकीची वाट बघत बसायची. तेवढ्यात हिचं काम उरकलेलं असे. ही एवढी गाण्याची सवय तिनं ठेवली होती, बाकी नाही.

त्या मंगळवारी सात वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. जाडसर निळी फ्रेम तिनं स्वतः निवडली होती. उचकीनं काडी धरली आणि रोजच्या सवयीनं सुरुवात केली. "वरच्या घरी कोण हो..."

मुलगी किंचाळली. साधीसुधी नाही, मागचं काचकाकाचं मशीन बंद पडावं अशी. फ्रेम भिरकावून ती आईच्या कुशीत शिरली.

"सॉरी हं," तिची आई ओशाळून म्हणाली. "तिच्या मावसभावानं तिला तो सिनेमा दाखवला. तेव्हापासून हे गाणं लागलं की अशी करते. तुमची काही चूक नाही हो."

"कुठला सिनेमा?"

ही वेडी की काय अशा नजरेनं बाईनं तिच्याकडे पाहिलं. "तो भुताचा. सगळीकडे चाललाय. तुम्हाला माहीत नाही? गाणं तुमचंच ना?"

उचकीला एवढंच माहीत होतं की दादानं महिन्यापूर्वी जेवता जेवता सांगितलं होतं, "आपलं गाणं एका नव्या सिनेमात थोडंसं वाजणार आहे." तिला आनंद झाला होता. थोडंसं म्हणजे किती आणि वाजणार म्हणजे कसं, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. दादाला उलटे प्रश्न विचारायची तिला सवयच नव्हती.

"मी पाहिला," काचकाका पडद्याआडून म्हणाला. "तुला सांगणार होतो. मग म्हटलं, कशाला."

"कशाला म्हणजे?"

"बघून ये," तो म्हणाला. "पण एकटी जाऊ नको."

ती एकटीच गेली, दुपारच्या खेळाला. थिएटर निम्मं भरलेलं होतं, बहुतेक कॉलेजची मुलं, पॉपकॉर्नच्या मोठमोठ्या बादल्या घेऊन. गोष्ट एका रिकाम्या इमारतीची होती. नवीन जोडपं खालच्या मजल्यावर राहायला येतं. वरचा मजला बंद असतो. एका संध्याकाळी बंद पडलेला रेडिओ आपोआप सुरू होतो आणि त्यावर उचकीचा नऊ वर्षांचा आवाज लागतो. वरच्या घरी कोण हो कोण. पहिल्यांदा थिएटरात लोक हसलेच, ओळखीचं माणूस भेटल्यासारखे. मग गाण्याबरोबर जिन्यावरून एक चेंडू उतरायला लागला आणि हसू थांबलं.

उचकीला राग आला, पण तो साधा राग होता. आपल्या अंगणात कुणीतरी कचरा टाकावा तसा. तिनं ठरवलं की आज दादाला चांगलं फैलावर घ्यायचं. तेवढ्यात दुसरं कडवं सुरू झालं. 'कोण हो' आलं. सगळं थिएटर त्या ओळखीच्या उचकीसाठी थांबलं, तीही थांबली. उचकी आलीच नाही. गाणं तिथंच तुटलं, काही क्षण काहीच ऐकू आलं नाही, आणि मग एक लहान मुलगी रडायला लागली. हुंदके देत, श्वास अडकत. मधूनच म्हणाली, "मला आईकडे जायचंय."

मुलं किंचाळली. कुणाची तरी बादली सांडली. उचकी मात्र खुर्चीत दगडासारखी बसून राहिली. स्वतःचं रडणं माणसानं बाहेरून कधी ऐकलेलं नसतं, तरी तिनं ते पहिल्या हुंदक्याला ओळखलं. ते नाटकी रडणं नव्हतं. ते तिचं होतं, त्या दिवसाचं, त्या खोलीतलं. आपण तिथं रडलो होतो हेसुद्धा ती विसरून गेली होती.

बाहेर येऊन तिनं थिएटरच्या पायरीवरूनच दादाला फोन लावला.

"पाहिलास?" दादा खुशीत होता. "अगं, काय चाललाय. मला पुन्हा फोन यायला लागलेत. परवा तर एकजण घरी मुलाखत घेऊन गेला. लोकांना वाटत होतं मी मेलो."

"दादा, त्यात मी रडतेय."

"तू कशाला रडशील? ते दुसऱ्या कुठल्या तरी पोरीचं असेल. हल्ली सगळं मशीनवर बनवतात. आपलं फक्त गाणं आहे."

"माझं रडणं मला कळणार नाही?"

"चाळीस वर्षं झाली, बाळा. उगीच डोक्यात काही घेऊ नकोस. रविवारी ये, बोलू."

दादा 'बाळा' म्हणाला की एरवी तिचा जीव भांड्यात पडे. या वेळी पडला नाही. तिचं कामच असं होतं की माणूस तक्त्यावरचं अक्षर दिसत नसताना दिसतंय म्हणून ठोकून देतो, ते तिला आवाजावरून कळायचं. दादाचा आवाज तसा होता.

सिनेमाच्या शेवटी नावं येतात, त्यात ध्वनी या शब्दापुढं एका मुलीचं नाव होतं. काचकाकाच्या भाच्यानं तिचा नंबर शोधून दिला. दुसऱ्या दिवशी दुकान काचकाकावर सोपवून उचकी तिच्या कामाच्या जागी गेली. एका इमारतीच्या तळघरात कापसाच्या भिंतींची खोली, दोन मोठे पडदे, आणि मध्ये फिरत्या खुर्चीवर केस वर बांधलेली तिशीची ध्वनीवाली. तिनं उचकीला पाहिलं आणि उठून उभीच राहिली.

"मावशी, तुम्ही? मी लहानपणी हे गाणं म्हणून बक्षीस घेतलंय. उचकीसकट."

ती खरंच मनापासून बोलत होती, त्यामुळं उचकीला तिच्यावर चिडताही येईना. "हे गाणंच का घेतलंत?" तिनं विचारलं. "घाबरवायला दुसरं काही मिळालं नाही?"

"नव्या गाण्यानं कुणी घाबरत नाही, मावशी," ध्वनीवाली म्हणाली. "लोकांना ते तोंडपाठ पाहिजे. पुढं काय येणार हे ज्याला ठाऊक असतं ना, त्यालाच फसवता येतं. उचकी येणार म्हणून लोक निर्धास्त असतात. तिथंच काढून घ्यायची."

"आणि ते रडणं?"

"तुमचंच आहे. सरांनी, म्हणजे तुमच्या दादांनी, ओरिजिनल रीळ दिलं होतं. त्यावर गाणं संपल्यावर टेपला जोडलेली कोरी पांढरी पट्टी होती आणि पुढं ते रडणं. जुने रेकॉर्डिस्ट तसं करायचे, नको असलेला टेक पुसायचे नाहीत, कापून रिळाच्या शेवटी जोडून ठेवायचे. उद्या एखादा शब्द उचलावा लागला तर. डब्यावर नुसतं 'ओके' लिहिलेलं होतं. सरांनाही माहीत नसावं."

उचकीच्या जिवात जीव आला. माहीत नव्हतं. दादानं डबा न उघडता देऊन टाकला, एवढंच झालं. ती उठायलाच निघाली होती. "म्हणजे त्यांनी ते ऐकलंच नाही."

"नाही, रडणं ऐकलं ना. मी विचारल्याशिवाय कसं वापरणार? तेवढा तुकडा त्यांना पाठवला होता. त्यांनी लगेच फोन केला." ध्वनीवाली थांबली. आपण काहीतरी चुकीचं बोलतोय हे तिच्या ध्यानात यायला लागलं होतं. "त्यांनी विचारलं, याच्या मागंपुढं काही आहे का. मी म्हटलं, थोडं बोलणं आहे. तर म्हणाले, रडणं वापरा, बोलणं पुसून टाका."

"पुसलंत?"

"आमच्यात कुणी काही पुसत नाही, मावशी."

"लावा."

ध्वनीवालीनं मान खाली घातली. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असणार. घरातलीच गोष्ट, म्हणून." मग तिनं हेडफोन पुढं केला आणि स्वतः पाठ करून बसली, हे तिनं चांगलं केलं.

आधी नुसता खोलीचा आवाज आला. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी व्हायोलिन लावत होतं. मग एक वयस्क आवाज, दबका. "हॉस्पिटलातून पुन्हा फोन आला होता. आई धाकटीला विचारतायत. वेळ फार नाही, लगेच घेऊन या म्हणतात. मुलीला वर वॉर्डात सोडायचं त्यांनी दारावर सांगून ठेवलंय."

त्यावर दादाचा आवाज. बावीस वर्षांचा, पण दादाचाच. "आपल्याकडे कितीपर्यंत वेळ आहे?"

"दोनला दुसरे लोक येतायत."

"मग आधी टेक करू. तिच्यासमोर हा विषय काढू नका."

दार वाजलं. लहान पावलं आली. "दादा, मला आईकडे जायचंय." "गाणं झालं की जाऊ," दादाचा आवाज. "आत्ता." आणि मग ते रडणं, सिनेमात होतं त्याहून कितीतरी लांब. वादक चुळबुळत होते. कुणीतरी खाकरलं. शेवटी दादा अगदी जवळ येऊन बोलला, त्याच गोड आवाजात, जो उचकीनं जन्मभर तापात, परीक्षेत आणि आजारपणात ऐकला होता. "हे बघ बाळा, आईचाच फोन होता. ती म्हणाली, हसत हसत गाणं म्हटलं तरच मी भेटेन. नाहीतर नाही."

"खरंच?"

"खरंच. आता हस बघू."

नाक ओढल्याचा आवाज आला. एक हुंदका गिळल्याचा. तिथं तुकडा संपला. त्यानंतर व्हायोलिन सुरू झालं होतं आणि नऊ वर्षांची मुलगी लोकांना चाळीस वर्षं हसवणारं गाणं हसत हसत म्हणायला लागली होती. लोकांनी जिला उचकी म्हटलं तो त्या हुंदक्याचा उरलेला तुकडा होता. रडून थांबलेल्या मुलाला असं होतं, हे कुठल्याही आईला कळलं असतं.

उचकीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. तिला फक्त प्रचंड लाज वाटली, का ते तिला कळेना. ध्वनीवालीनं पाणी दिलं, ते ती प्यायली, आणि "तुझी यात काही चूक नाही" म्हणून बाहेर पडली.

रविवारची वाट बघायला ती काही वेडी नव्हती. सरळ दादाच्या घरी गेली. वहिनी बाहेर गेली होती. दादा खिडकीशी बसून वर्तमानपत्रातली स्वतःची मुलाखत कात्रीनं कापत होता, नाकावर उचकीनंच बनवून दिलेला चष्मा. त्यानं ते कात्रण तिला दाखवलं. त्यात ती गोष्टही होती, रिसीव्हर स्पीकरजवळ नेल्याची, आईच्या हसण्याची. जाड अक्षरात.

"आई किती वाजता गेली, दादा?"

"आज काय हे?" तो म्हणाला. "संध्याकाळी. पाच-साडेपाचला."

"गाणं ऐकून?"

"ऐकून. सांगितलंय की तुला शंभरदा."

"काय म्हणाली ऐकून?"

"पुन्हा एकदा लाव म्हणाली." त्यानं हे सांगताना कात्री खालीसुद्धा ठेवली नाही. चाळीस वर्षांची सवय होती. तिनं त्याला तीन संधी दिल्या आणि तिन्ही वेळा त्यानं तिचा केसानं गळा कापला, तोही किती मायेनं.

"मी रीळ ऐकून आलेय," ती म्हणाली. "अख्खं."

कात्री थांबली. दादा म्हातारा झालाय हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. ते आत्ता तिला दिसलं, आणि तिला त्याची दया आली नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"पंचवीस वादक होते," तो म्हणाला. "माझं पहिलं काम होतं. ते बुडालं असतं तर मला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं. तुला वाढवलं असतं कशावर? मला वाटलं, दोन तासांचा तर प्रश्न आहे. आई काय लगेच... तू लहान होतीस. तुला नाही कळणार."

"आता कळतंय. मी मोठी झालेय."

"मी तुला फसवायला नाही बोललो ते. संध्याकाळी तुला सांगितलं, तर तू काय विचारलंस आठवतं? 'मी नीट हसले नाही का, दादा?' हे विचारलंस. तीन-तीनदा. मग मी काय सांगणार होतो? म्हटलं, ऐकलं तिनं गाणं. हसली. तू झोपलीस तेव्हा कुठं."

उचकीला हे आठवत नव्हतं. पण ते खरं आहे हे तिला कळलं, आणि ते ऐकून तिचं दुःख कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. ती नऊ वर्षांची मुलगी आई गेली त्याचा दोष स्वतःकडे घेऊन बसली होती, आणि दादाला हे ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं दोष स्वतःकडे घेतला नाही, एक गोष्ट रचून दिली, जी दोघांनाही सोयीची होती. तिला झोप लागायला आणि त्याला सुटायला.

"तेव्हा तू बावीसचा होतास," ती म्हणाली. "तेवढं मी एकवेळ सोडून देईन. पण या सिनेमाच्या वेळी त्या मुलीनं तुला माझं रडणं पाठवलं. तू ऐकलंस. ते काय आहे हे जगात फक्त तुला माहीत होतं. आणि तू म्हणालास, वापरा. स्वतःचं बोलणं तेवढं पुसायला सांगितलंस."

"त्यांना फार आवडलं होतं," दादा म्हणाला. "सगळे म्हणत होते, सिनेमा त्याच्यावरच उभा आहे. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं."

हे त्यानं अगदी सरळपणे सांगितलं. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि पुढच्या मजल्यावर निघून गेली. दादानं कात्रण मधोमध दुमडलं, पुन्हा उलगडलं.

"रिळावर तो माणूस म्हणतो, 'पुन्हा फोन आला होता'," ती म्हणाली. "पुन्हा म्हणजे कितव्यांदा?"

"दुसऱ्यांदा."

"पहिल्यांदा कधी?"

"सकाळी. आपण पोचलो तेव्हाच."

"आणि तू आईला गाणं ऐकवायला लावलास तो फोन?"

दादानं मान हलवली. असा फोन कधी झालाच नव्हता. स्टुडिओतला फोन स्पीकरपासून बराच लांब, बाहेर पॅसेजमध्ये होता, त्याची वायर खोलीपर्यंत पोचलीच नसती. हे तो न विचारता सांगत होता, एकदा सुटलेलं आवरेना तसं.

"दोनच फोन आले?"

त्यानं कात्रण बाजूला सारलं.

"दादा, तिसरा आला होता?"

"आला होता. ओके टेक व्हायच्या आधी. तू डोळे पुसत होतीस."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आता घाईनं येऊ नका."

एवढं बोलून तो रडायला लागला. तोंड उघडं टाकून, नाक ओढत, लहान मुलासारखा, चष्मा छातीवर घसरलेला. चाळीस वर्षांत तिनं त्याला असं पाहिलं नव्हतं. एरवी ती उठली असती, त्याच्या पाठीवर हात ठेवला असता, पुरे आता म्हणाली असती. ती समोरच्या खुर्चीत बसून राहिली आणि त्याला रडू दिलं, पाहिजे तितका वेळ.